केसिंग बदललंच नव्हतं

माझी स्वतःची पिकअप आहे. कोल्हापुरातनं गूळ आणि भाजी भरायची, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत रत्नागिरीत उतरवायची आणि परतीला नारळ मिळाले तर घेऊन यायचे, असं गेली नऊ वर्षं चाललंय. घर ह्या गाडीवर चालतं. म्हणून जे घडलं ते सगळं लिहितोय, रकमांसकट. माझ्यासारखे गाडीवर पोट असणारे कितीतरी जण आहेत आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी गिअरबॉक्सच्या खाली कधी डोकं घालून पाहिलेलं नसेल. मीही पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गिअर ऑइल बदलायची वेळ झाली. नेहमीचा मेकॅनिक गावी गेला होता आणि दुसऱ्या दिवशी भाडं ठरलेलं, म्हणून हायवेकडेच्या एका गॅरेजात गाडी लावली. मालक गोड बोलणारा. मला खुर्ची दिली, चहा मागवला. एक पोरगा एअर गन, म्हणजे नट-बोल्ट फिरवायची हवेवरची गन, घेऊन खाली सरकला. ऑइल काढायच्या भोकाचा प्लग, म्हणजे बूच, सोडताना आवाज नेहमीसारखा आला. प्लग परत बसवताना मात्र गन आधी जोर लावून अडली आणि मग एकदम मोकळी होऊन टर्रर्र फिरली. तो आवाज आजही कानात आहे. पोरानं मालकाकडे पाहिलं, मालक खाली वाकला, दोघं हळू आवाजात काहीतरी बोलले. मी विचारलं तर मालक म्हणाला, "काय न्हाई दादा, टाइट झालाय." 1,650 रुपये दिले आणि निघालो.

तिथं नेमकं काय झालं हे मला नंतर कळलं. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, अॅल्युमिनियमचं आहे आणि खालचा ड्रेन प्लग लोखंडाचा. प्लग हातानं दोन-तीन फेरे सरळ फिरवून बसवायचा आणि शेवटचा ताण पान्यानं द्यायचा, तोही गाडीच्या पुस्तकात लिहिलाय तेवढाच. तो तिरका धरला आणि गन मारली, की लोखंडाला काही होत नाही, केसिंगमधले मऊ आटे सोलून निघतात. हेच माझ्या गाडीचं झालं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आटे जाणं ही फसवणूक नाही. चांगल्यातल्या चांगल्या मिस्त्रीच्या हातनंही ते होतं, आणि आधीच्या कुणीतरी आवळून ठेवलेल्या प्लगचे आटे पुढच्याच्या हातात येतात. त्या मालकानं त्याच वेळी "दादा, आटे गेले, दुपारपर्यंत गाडी राहू द्या" एवढं सांगितलं असतं तर मी त्याला एक शब्द बोललो नसतो. त्यानं ते लपवलं. पुढचं सगळं त्यातनं झालं.

दोन फेऱ्यांनंतर अंगणात गाडीखाली तळहाताएवढा डाग दिसला. बोट लावून वास घेतला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, इंजिन ऑइलला तो नसतो, त्यामुळे शंका राहिली नाही. परत त्याच गॅरेजला गेलो. त्यानं प्लगला पांढरी टेप गुंडाळली, वरनं एम-सील थापली आणि म्हणाला, "आता थेंब जाणार न्हाई." काही जुन्या गाड्यांचा प्लग निमुळता असतो, त्याला वॉशर नसतो, तिथं टेप चालते. माझा प्लग सरळ आट्याचा. त्याच्या डोक्याखाली तांब्याचं वॉशर दबतं आणि तेच ऑइल अडवतं. आटेच नसतील तर वॉशर दाबणार कोण? हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पैसे घेतले नाहीत म्हणून मला तो माणूस उलट चांगलाच वाटला.

आठवड्याभरानं रत्नागिरीहून परत येताना पालीच्या पुढे सपाटीला पाचव्या गिअरमध्ये घुंईऽऽ असा आवाज यायला लागला. घाट चढेपर्यंत दुसरा गिअर पडताना खरखरायला लागला. आंब्याला गाडी थांबवून पाहिलं तर एम-सीलचा गोळा अर्धवट सुटून लोंबत होता आणि मागच्या चेसिसपर्यंत ऑइल उडालेलं. तशीच हळूहळू गाडी कोल्हापुरात आणली. सोबत चुलतभाऊ होता. सगळ्या रस्त्यात आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

त्याच गॅरेजच्या मालकानं बॅटरी घेऊन खाली पाहिलं आणि बाहेर येऊन मान हलवली. "दादा, केसिंगला तडा गेलाय. घाटात दगड बसला आसंल. ह्येला इलाज न्हाई, केसिंगच बदलाय पायजे. नवीन परवडायचं न्हाई, जुन्या बाजारातनं आणून बसवतो." 24,000 सांगितले. मी म्हटलं, तडा दाखवा. तो म्हणाला, "गिअरबॉक्स उतरल्याशिवाय कसा दिसंल?" तडा दिसत नाही तर तो आहे हे त्याला कसं कळलं, हे मी विचारायला हवं होतं. डोक्यात फक्त सोमवारचं भाडं होतं. 10,000 मोबाइलवरनं पाठवले, 14,000 रोख दिले. गाडी चार दिवस तिथं राहिली. त्या चार दिवसांत भाड्यानं दुसरी गाडी लावून माल पोचवला, तो खर्च वेगळा. पावती मागितली तर कार्डाच्या पाठीमागे नुसता आकडा लिहून दिला. जुनं केसिंग मागितलं तर भंगारवाल्यानं नेलं म्हणाला.

नवव्या दिवशी परत डाग.

ह्या वेळी मी तिकडे गेलो नाही. भाडं आहे म्हणून सांगितलं आणि गाडी थेट उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रीकडे नेली. साठीच्या पुढचा माणूस, बोलणं मोजकं. त्यांनी डिझेल आणि वेस्टेजनं गिअरबॉक्सची खालची बाजू लख्ख पुसली, सुकू दिली आणि वरनं खडूची पूड फासली. मग म्हणाले, "गाडी चालू करून ठेव, पंधरा मिनटं बसू." पंधरा मिनिटांनी मी पहिल्यांदा स्वतः खाली सरकलो. पांढऱ्या पुडीवर काळी ओली रेघ एकच होती, प्लगच्या कडेला. बाकी केसिंग पांढरंशुभ्र, कोरडं. तड्याचा मागमूस नव्हता.

आणि तिथंच प्लगपासून चार बोटांवर मला ती खूण दिसली. तीन वर्षांपूर्वी साखरप्याच्या अलीकडे रस्त्यातला दगड उडून खाली बसला होता, तेव्हा माझ्या मेकॅनिकनं मला मोबाइलवर फोटो काढून दाखवला होता: केसिंगच्या बरगडीचा तुकडा उडालेला, चंद्रकोरीसारखा. तीच चंद्रकोर. मी फोटो शोधून मिस्त्रींना दाखवला. त्यांनी दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आरं, ह्ये केसिंग बदललंय म्हणून तुला कुणी सांगितलं?"

24,000 रुपयांत माझ्या गाडीला काय मिळालं होतं? एक मोठ्या मापाचा प्लग. मूळच्या भोकात तो वाकडाच ठोकून आवळला होता, बाहेरनं सिलिकॉन भरलं होतं. नवे आटे पाडताना निघालेला कीस तसाच आत पडलेला. मिस्त्रींनी ऑइल पांढऱ्या फडक्यातनं गाळलं तेव्हा त्यात चांदीसारखे बारीक तुकडे चमकत होते. काही प्लगांना टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर करड्या रंगाची लेई जमते, ती नेहमीची झीज असते, तिला घाबरायचं नाही. पण चुंबक लोखंड पकडतं, अॅल्युमिनियम पकडत नाही. तो कीस ऑइलबरोबर बेअरिंगांमधनं फिरत होता. आणि ऑइल तरी किती होतं? पुस्तकात दोन लिटरच्या आसपास लिहिलंय, खाली उतरलं ते जेमतेम लिटरभर.

मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेऊन जागेवरच काम केलं, गिअरबॉक्स उतरवला नाही. सगळ्यात आधी त्यांनी कडेचा, ऑइल भरायचा प्लग सोडून पाहिला. म्हणाले, भरायचा प्लग निघतोय याची खात्री झाल्याशिवाय खालचा कधी सोडू नये, नाहीतर ऑइल निघून जातं आणि परत भरता येत नाही. मग भोक सरळ करून घेतलं, टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांमध्ये ग्रीस भरलं म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो, आणि दर अर्ध्या फेऱ्याला टॅप मागे घेत, पुसत, पुन्हा आत घालत आटे पाडले. त्या आट्यांत स्टीलचं बुशासारखं इन्सर्ट बसवलं. बाहेरनं मोठं, आतनं मूळच्या मापाचं, त्यामुळे कंपनीचाच प्लग पुन्हा बसला. पाऊण तास लागला. लहान भोकांना तारेच्या स्प्रिंगसारखं हेलीकॉइल बसवतात, कामाची पद्धत तीच. नंतर स्वस्तातलं ऑइल भरून, गाडी थोडी फिरवून, ते काढून टाकलं, असं दोनदा. शेवटी नवं तांब्याचं वॉशर आणि माझ्यासमोर सील फोडलेल्या कॅनमधलं ऑइल, कडेच्या भोकाच्या खालच्या काठाला लागेपर्यंत. मला बोट घालून पातळी पाहायला लावली.

मजुरी आणि इन्सर्ट मिळून 1,400 रुपये. ऑइल 2,100.

पाचव्या गिअरचा आवाज गेला नाही. बेअरिंग कोरडं चालून खराब झालं होतं, ते पुढच्या महिन्यात माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे बदललं, 8,500. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर हे बेअरिंग वाचलं असतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो, पैशापेक्षा जास्त. भरल्या गाडीनं घाट उतरताना गिअर अडकला असता तर चुलतभावाच्या घरी मी काय तोंड दाखवलं असतं?

तुमच्यावर अशी वेळ आली तर "केसिंग गेलं" हे शब्द ऐकून मान डोलावू नका. पुसून, पूड लावून गळती कुठनं आहे ते आधी पाहा. फक्त प्लगचं डोकं गोल झालं असेल तर ते त्याहूनही किरकोळ काम आहे. सहा कडांचा घट्ट गोटी पाना ठोकून बसवतात, नाहीतर डोक्यावर नट वेल्ड करून सोडवतात आणि नवा प्लग टाकतात. केसिंग खरंच बदलायचं ठरलं तर आधी जुन्यावर ऑइलपेंटची एक रेघ मारा, फोटो काढा, आणि जुना भाग ताब्यात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. प्लग बसवताना पोराला सांगा, आधी हातानं फिरव. कुणाला राग येत असेल तर येऊ द्या.

मिस्त्रींकडनं मी दुरुस्तीची सविस्तर पावती घेतली, त्यावर त्यांनी "केसिंग मूळचे, तडा नाही" असं लिहून दिलं. तो मोठा प्लग, त्या खुणेचे जुना आणि नवा असे दोन्ही फोटो आणि मोबाइलवरच्या पेमेंटची नोंद जोडून गॅरेजमालकाला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली. त्याआधी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती. मला वाटायचं, गाडी धंद्याची म्हणजे आपण ग्राहक नाही. तसं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगार करून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणासाठी धरत नाहीत. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची असते.

आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. नोटीस मिळाल्यावर अकराव्या दिवशी मालकाचा फोन आला, आवाज तोच गोड. मोबाइलवरनं पाठवलेले 10,000 त्यानं परत केले. रोख दिलेल्या 14,000 बद्दल विचारलं तर म्हणाला, "कुठले 14,000, दादा?" आणि कार्डाच्या पाठीमागच्या त्या आकड्यावर ना सही आहे, ना तारीख, ना गाडीचा नंबर.