मागच्या ॲक्सलचं बेअरिंग: सीलबंद घ्यावं की निप्पलवालं?

क्वाडच्या, म्हणजे शेतात-डोंगरात चालणाऱ्या मोटरसायकलसारख्या चारचाकीच्या, मागच्या ॲक्सलचं बेअरिंग गेलं की दोन रस्ते असतात. मूळ हाऊसिंग, म्हणजे बेअरिंगं ज्यात बसतात ते कवच, तसंच ठेवायचं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली बेअरिंगं बसवायची आणि वाजायला लागली की बदलायची. नाहीतर निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, असलेलं हाऊसिंग घ्यायचं आणि ग्रीसगनने अधूनमधून ग्रीस मारत राहायचं. भिलारच्या बाजूला आमच्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर क्रेट ओढायला आणि हंगामात पाहुण्यांना फिरवायला क्वाड आहेत, त्यांवर दोन्ही प्रकार वापरून झाले. माझं मत एकीकडे झुकलेलं आहे. तुमची जमीन आणि तुमचं काम वेगळं असेल तर ते उलटंही पडेल. आणि हे सगळं एकसंध ॲक्सलच्या (मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग दांडा), चेनवर चालणाऱ्या गाड्यांपुरतं.

निप्पलचं खरं बळ पाण्यात दिसतं. गाडी चालून हाऊसिंग तापलेलं असतं. त्यावर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं. ओढ्यातून गाडी घातली तरी हेच, संध्याकाळी पंपाने धुतली तरी हेच. सीलबंद बेअरिंगमध्ये एकदा शिरलेलं पाणी तिथेच मुरतं. निप्पल असेल तर नवं ग्रीस मारताना दुधासारखं पांढुरकं झालेलं जुनं ग्रीस बाहेर येतं, आणि पाणी कुठवर पोचलं होतं तेही कळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळाभर तिकडे गाडी चालवणाऱ्याला ही सोय मोठीच आहे.

पण निप्पलमधून गेलेलं ग्रीस बेअरिंगच्या गोळ्यांपर्यंत पोचतंच असं नाही. ते आधी दोन बेअरिंगांच्या मधल्या, स्पेसरभोवतीच्या (बेअरिंगांत अंतर राखणाऱ्या नळीभोवतीच्या) पोकळीत जातं. ती पोकळी भरल्याशिवाय पुढे काही सरकत नाही. शिवाय बेअरिंगचं आतल्या बाजूचं सील काढलेलं नसेल तर गोळ्यांना त्या ग्रीसचा स्पर्शही होत नाही. हाऊसिंग विकणारे हे क्वचितच सांगतात.

माझा निर्णय मात्र वेगळ्याच त्रासाने झाला. पोकळी भरली की ग्रीस जिथे वाट सोपी तिथे जातं. हाऊसिंगच्या दोन टोकांच्या ऑइल सीलपैकी एक नेहमीच जरा जास्त झिजलेलं असतं. सगळं ग्रीस त्याच बाजूने बाहेर येतं आणि दुसरं बेअरिंग कोरडंच राहतं. गन हातात असताना बाहेरून काही कळत नाही. एका बाजूला ग्रीस दिसलं की माणूस समाधानाने थांबतो. हातगनलाही सीलचा ओठ उलटवण्याइतका दाब असतो, त्यामुळे जोर करून दुसऱ्या बाजूला ग्रीस पोचवायचं म्हटलं तरी नुकसानच. आमच्या गाड्यांमध्ये ब्रेकची डिस्क हाऊसिंगला लागूनच ॲक्सलवर बसते. तिकडून निघालेलं ग्रीस चाक फिरताना उडतं, डिस्कवर जातं आणि पॅडमध्ये शोषलं जातं. डिस्क पुसून साफ होते, पण ग्रीस प्यालेली पॅड पुन्हा नीट धरत नाहीत, ती बदलावीच लागतात. मागे क्रेट भरलेली ट्रॉली असताना किंवा गाडीवर दुसऱ्याचं पोर बसलेलं असताना उतारावर ब्रेक सैल लागणं मला चालणार नव्हतं. त्यात बाहेर आलेल्या ग्रीसला आमच्याकडची तांबडी माती चिकटते आणि सीलच्या ओठाशीच तिचा घासकागद तयार होतो.

सीलबंदमध्ये सगळं गोड आहे असं नाही. बदलायचं म्हणजे ॲक्सल काढणं आलं. गंजलेला मोठा नट, न सुटणारा हब, पुलर, प्रेस असं सगळं ओघाने येतं, आणि जवळ वर्कशॉप नसेल तर दिवस जातो. शिवाय बेअरिंग आतून खराब होत असताना बाहेर काही दिसत नाही. म्हणून मागची बाजू जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवून बघायची सवय लागते. खळखळ जाणवली की वाट बघू नये; सैल बेअरिंगवर ॲक्सल फिरत राहिला तर तोही झिजतो आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो.

तरीही मी सीलबंदच बसवतो, फक्त पाकिटातून काढून तसंच नाही. कारखान्यातून येणारं बेअरिंग मोकळ्या जागेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच भरलेलं असतं, कारण वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये जास्त ग्रीस घुसळलं जाऊन तापतं. आपल्या ॲक्सलचा वेग किती? बावीस इंची टायरवर ताशी ४० किलोमीटरला मिनिटाला चारशेच्या आतच फेरे. इथे जास्त भरलं तरी तापण्याची भीती नाही. म्हणून बारीक टोकाने सील अलगद उचलायचं, जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन बेअरिंग पूर्ण वाळवायचं, आणि पाण्याला टिकणारं कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस बोटाने दाबून भरायचं. धुणं टाळू नका. कारखान्यातलं ग्रीस पॉलियुरियाचं असलं तर दुसऱ्या ग्रीसशी त्याचं जमेलच असं नाही. न जमणारी दोन ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहून जातात. शेवटी बेअरिंग आणि ऑइल सील यांच्यामधली फटही ग्रीसने भरून टाकायची, म्हणजे पाण्याला आधी तिथे अडावं लागतं. ट्रकवाले वापरतात ते एपी थ्री ग्रीस कोरड्या भागात चालून जाईल. माण-खटावकडे, जिथे पाण्यापेक्षा धुळीचाच त्रास जास्त, तिथे मी निप्पलचा विचारही करणार नाही.

जावळीच्या भातखाचरांत गाडी रोज हबापर्यंत चिखलात जात असेल आणि डिस्क हाऊसिंगपासून लांब असेल, तर निप्पलवालं घ्यायला हरकत नाही. तेव्हा आतल्या बाजूची सीलं काढून दोन्ही बेअरिंगं आधी हाताने भरा, पोकळीही बसवतानाच भरून घ्या आणि नंतर चाक फिरवत फिरवत थोडं थोडंच ग्रीस मारा.

साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला किंवा कुठेही बेअरिंग घ्यायला गेलात तर नुसता आकडा सांगू नका. त्याच आकड्यात पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड मिळतं, ते पाणी अडवत नाही. टू आरएसच, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच, मागा. जुना स्पेसरही सोबत न्या. तो घासून आखूड झाला असेल तर नट आवळताना बेअरिंगच्या आतल्या कड्यांवर आडवा दाब येतो, आणि मग सीलबंद असो की निप्पलचं, नवं बेअरिंग काही दिवसांतच वाजायला लागतं.