कानामागचा वण आणि चष्म्याची काडी: कुणाला काय सोयीचं?

मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. टाके निघाले होते, जखम भरली होती, डॉक्टरांनी चष्मा घालायला हरकत नाही असंही सांगितलं होतं. तरी चष्मा लावला की दहा मिनिटांत डाव्या कानामागे चुरचुर सुरू व्हायची आणि अर्ध्या तासात तिची ठसठस व्हायची. माझा नंबर उणे सहा. चष्म्याशिवाय समोर आलेल्या बसची पाटीसुद्धा वाचता येत नाही, त्यामुळे ‘थोडे दिवस घालू नका’ हा सल्ला माझ्या काही कामाचा नव्हता. त्या दिवसांत सुचेल तो उपाय करून पाहिला. तुमचंही असंच चाललं असेल, तर पैसे कशात घालायचे हे ठरवायला याचा उपयोग होईल.

आधी वण नेमका कुठे आहे ते पाहा. मॅस्टॉइड किंवा कॉक्लिअर इम्प्लांटच्या (ऐकू येण्यासाठी कानात बसवायच्या यंत्राच्या) ऑपरेशनात छेद बहुतेक वेळा कानामागच्या घडीलगत असतो, म्हणजे काडीचं वाकलेलं टोक जिथे टेकतं तिथेच. कानापुढच्या लाळग्रंथीच्या ऑपरेशनात तो कानाच्या पुढून उतरतो आणि पाळीखालून वळून मानेकडे जातो. माझ्या मावसभावाचं हे लाळग्रंथीचं ऑपरेशन झालं होतं. त्याला काडीच्या टोकाचा त्रास नव्हताच. वणाचं वरचं टोक काडीखाली दबायचं, आणि फ्रेम जरा रुंद करून घेतल्यावर तेही थांबलं. दोन्ही ऑपरेशनांनंतर कान किंवा पाळी काही महिने बधिर राहू शकते. बधिर जागेवर काडी घासत असली तरी कळत नाही, म्हणून तिथे रोज आरशात पाहायलाच हवं.

दाब कुठे पडतो हे शोधायला मी काजळ वापरलं. जखम पूर्ण भरल्यावर वणावर कागदी चिकटपट्टी लावली, काडीच्या आतल्या बाजूला काजळाचं बोट फिरवलं आणि चष्मा लावून दहा मिनिटं पेपर वाचला. मग लेकीला फोटो काढायला सांगितलं. मला वाटत होतं सगळा वणच दुखतोय. पट्टीवर डाग होता तो मात्र मसुराच्या दाण्याएवढा, काडी जिथे खाली वळते बरोबर तिथला. तो फोटो घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले, म्हणून पुढचं काम नीट झालं.

खरी निवड दोनच गोष्टींत आहे: काडीला मऊ आवरण चढवायचं, की काडीचा आकारच बदलून घ्यायचा. सिलिकॉनची आवरणं स्वस्त मिळतात आणि घरी चढवता येतात, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. मीही केली. पण आवरणाने काडी जाड होते. काडीच्या टोकाचा आकडा, म्हणजे हुकासारखा वाक, आधीच घट्ट असेल तर जाड काडी वणावर आणखी रुतते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत सिलिकॉनखाली घाम साचतो तो वेगळाच. काडी नुसती खरखरीत किंवा कडक असेल, तेवढ्यापुरतं आवरण चांगलं. दाबावर ते औषध नाही.

दाबावर औषध म्हणजे काडी सरळ करून घेणं. टोकाचा आकडा उलगडून काडी जवळजवळ सरळ ठेवली की ती कानामागे न अडकता डोक्याच्या बाजूला हलकेच धरून राहते आणि घडीतला वण मोकळा होतो. ॲसिटेटची (हे फ्रेमचं एक प्लॅस्टिक) काडी किंवा ॲसिटेटचं टोक असलेली धातूची काडी गरम करून सहज वळते. टीआर-९० नावाच्या लवचीक प्लॅस्टिकला वळण नीट देता येत नाही, दिलं तरी फार टिकत नाही. काडीच्या आत 52, 18, 140 असे आकडे असतात, त्यातला शेवटचा काडीची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो. 140 ऐवजी 145 घेतली की वळण मागे सरकवायला जागा मिळते. सरळ काडीचा तोटा एकच, चष्मा घामाने नाकावरून घसरतो. त्यावर सिलिकॉनचे रुंद नोजपॅड बसवा. माझ्या मते पहिला खर्च यावरच करावा, आणि बऱ्याच जणांना दुसऱ्याची गरज पडणार नाही.

हलकी फ्रेम की हलकी काच? टायटॅनियमचं वजन स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त असतं, त्यामुळे फरक जाणवतो. पण नंबर मोठा असेल तर वजन काचेत असतं. उणे नंबरची काच कडेला जाड होते, म्हणून छोटी, गोलसर फ्रेम घेतली की जाड कड कापली जाते आणि चष्मा आपोआप हलका होतो. मला टायटॅनियमपेक्षा याचाच फायदा जास्त झाला. स्वस्त धातूच्या फ्रेममध्ये निकेल असू शकतं, त्याची काहींना ॲलर्जी असते; वण खाजत असेल तर तेही तपासा.

पट्टी असताना किंवा पहिल्या काही आठवड्यांत वेगळं पाहावं लागतं. त्या बाजूची काडी स्क्रू काढून बाजूला ठेवता येते. चष्मा तिरका बसतो, पण बसून वाचायला चालतो. चालताना, जिना उतरताना तसा घालू नका. डोक्यामागून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा कानाच्या वरून नेता येत असेल तर उत्तम. तोच वणावरून जात असेल तर काडी बरी.

कॉन्टॅक्ट लेन्सने कानाचा प्रश्नच मिटतो, आणि आधीपासून सवय असेल तर त्यासारखं सुख नाही. पण या दोन्ही ऑपरेशनांत चेहऱ्याची नस जवळून जाते. त्या बाजूचा डोळा नीट मिटत नसेल, कोरडा पडत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेन्स घालू नका. तिथे चष्माच सुरक्षित.

वण लाल होऊन सुजला, पाणी येऊ लागलं, जाडसर वाढत चालला किंवा हात लागताच विजेसारखी कळ यायला लागली, तर काडीशी खेळत बसू नका, सर्जनला दाखवा. कानाभोवती वण वाढून गाठाळ होण्याचा कल असतो, लवकर दाखवलं तर आवर घालता येतो.

दुचाकी चालवत असाल तर हेल्मेट आधी, चष्मा मागून. उलट केलं की हेल्मेटची गादी काडीला सगळा रस्ता वणावर दाबत राहते. मास्कची नाडीही कानाऐवजी डोक्यामागे हुकने अडकवा. आणि काडी वळवून घेतली की दुकानातून लगेच निघू नका. वीस मिनिटं तिथेच बसा, खाली वाकून फोन बघा, मान दोन्हीकडे वळवा, आणि कुठे टोचलं तर बोट ठेवून दाखवा.