नवऱ्याचा व्हिसा अडकलेला असताना नोकरी बदलावी का? एका तासाच्या कन्सल्टेशनचा अनुभव

हे परीक्षण दोन सेवांचं आहे. एक ऑनलाइन पॅकेज, ज्यात ठरावीक पैशांत फॅमिली व्हिसाचे सगळे फॉर्म भरून मिळतात. दुसरी, न्यू जर्सीतल्या एका इमिग्रेशन वकीलबाईंचं एका तासाचं कन्सल्टेशन. दोघांचीही नावं देत नाही. एकाच कंपनीत माणूस बदलला की अनुभव बदलतो, आणि मला कंपनीपेक्षा सेवेच्या प्रकाराबद्दल सांगायचंय. नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी अर्ज केलाय आणि हातातली नोकरी सोडायचीय, अशा माणसाने पैसे कुठे खर्च करावेत, एवढाच प्रश्न आहे.

आधी माझी स्थिती सांगते. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, २०१८ पासून अमेरिकेची नागरिक. लग्न डिसेंबर २०२२ मध्ये नाशिकला झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आय-१३०, म्हणजे नवऱ्यासाठीचा नात्याचा अर्ज, भरला, तेव्हा त्याची फी ५३५ डॉलर होती. एप्रिल २०२४ मध्ये तो मंजूर होऊन केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, गेली. तिथे ३२५ आणि १२० अशा दोन फिया, डीएस-२६० (नवऱ्याचा व्हिसा अर्ज), आय-८६४ (त्याचा खर्च मी उचलेन अशी स्पॉन्सर म्हणून माझी हमी), टॅक्सचे कागद, सगळं अपलोड झालं. ऑगस्टमध्ये कागदपत्रं पूर्ण असल्याचा मेल आला. आता फक्त मुंबईच्या मुलाखतीची तारीख यायची होती.

नोकरी रात्रपाळीची. पाच वर्षं मी संध्याकाळी सातला घरातून निघून सकाळी साडेसातला परत येत होते. नवऱ्याशी बोलायची वेळ म्हणजे माझी झोपेची वेळ. तो इथे आला की सुरुवातीचे महिने घरी असणार, आणि मी दिवसभर पडदे लावून झोपलेली. हे मला नको होतं. दुसऱ्या हॉस्पिटलमधून दिवसपाळीची ऑफर आली तेव्हा आनंदापेक्षा धाकधूक जास्त झाली, कारण ओळखीतला प्रत्येक जण एकच सांगत होता: केस चालू असताना नोकरीला हात लावू नकोस.

हा सल्ला देणारे सगळे आयटीतले, एच-१बीवर, म्हणजे कंपनीने काढलेल्या कामाच्या व्हिसावर, आलेले. त्यांच्या जगात तो अगदी बरोबर आहे. तिथे नोकरी बदलली की नव्या कंपनीला नवीन पिटिशन भरावं लागतं, बायकोचा एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) त्याच्यावर टेकलेला असतो, आणि नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात कंपनीच अर्जाची धनी असते. आय-४८५ (अमेरिकेत राहून करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज) भरून १८० दिवस होईपर्यंत लोक जागचे हलत नाहीत, ते उगीच नाही. पण माझ्या केसमध्ये स्पॉन्सर माझी कंपनी नव्हती, मी होते. हा फरक मला कुणी सांगितला नाही आणि माझ्याही डोक्यात आला नाही. आधी एक ऑफर आली होती, ती मी याच भीतीपोटी नाकारली. आठ महिने फुकट गेले, त्याची चुटपुट अजून आहे.

आता पॅकेजबद्दल. फॉर्म भरून घ्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. आय-१३० त्यांनी व्यवस्थित केला, त्याबद्दल तक्रार नाही. पोर्टल सुटसुटीत आहे, कागद कुठे टाकायचा ते कळतं, आठवण करून देणारे मेल वेळेवर येतात. साध्या कामाला साधी सेवा. पण मी नोकरीबद्दल विचारलं आणि तिथून सगळं बिनसलं. चॅटवरच्या माणसाने लिहिलं, की नोकरी बदलली तर आय-८६४ रद्द होईल आणि केस मागे जाईल. ३५० डॉलर भरले तर 'सुधारणा' करून देऊ. कशाची सुधारणा, कुठे पाठवणार, याला उत्तर नाही. वकिलाशी बोलू द्या म्हटलं तर आमच्या प्लॅनमध्ये ते बसत नाही. त्या रात्री कामावर माझं लक्ष नव्हतं. नमुन्यांच्या नळ्यांवरची लेबलं मी दोनदा तपासत होते.

शेवटी एका नर्सने या वकीलबाईंचं नाव दिलं. तासाचे २७५ डॉलर. भेट नऊ दिवसांनी मिळाली, आणि ऑफरला उत्तर द्यायची मुदत दहा दिवसांची. हे नऊ दिवस फार जड गेले. तातडीच्या भेटीची सोय त्यांच्याकडे नाही, हा या सेवेचा पहिला दोष.

बाईंनी सगळ्यात आधी आय-८६४ ची माझी प्रत मागितली. पेन्सिल घेऊन पानं उलटत गेल्या. उत्पन्नाच्या भागात 'सध्याचं वार्षिक उत्पन्न' या चौकटीभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, "केसचा तुमच्या नोकरीशी संबंध येतो तो या एका चौकटीपुरता. आय-१३० तुमच्या लग्नावर उभा आहे, नोकरीवर नाही."

मग त्या आधीच्या पानावर गेल्या आणि थांबल्या. तिथे कुटुंबातल्या माणसांची संख्या असते. पॅकेजवाल्यांनी दोन लिहिली होती, मी आणि नवरा. बाईंनी विचारलं, याआधी कुणाला स्पॉन्सर केलंय का? केलंय ना. वडील गेल्यावर आईला मी इकडे आणलं, फेब्रुवारी २०२० मध्ये ती ग्रीन कार्डावर आली. तिच्यासाठीही मी आय-८६४ वर सही केली होती. ती सही अजून जिवंत आहे. आई नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी पेन्शनच्या) खात्यात कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची परत जाईपर्यंत माझी जबाबदारी संपत नाही. म्हणून संख्या दोन नव्हे, तीन. पेन्सिलीने दोनवर बारीक काट मारून त्यांनी शेजारी तीन लिहिलं. फॉर्मच्या शेवटी खोटं निघालं तर गुन्हा मानला जाईल असं लिहिलेलं, आणि त्याखाली माझी सही. तो आकडा बघून माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. पॅकेजच्या प्रश्नावलीत मी आईचं नाव टाकलं होतं, पण ते बघायला मागे माणूसच नव्हता.

पगाराचं गणित दोन मिनिटांत झालं. स्पॉन्सरचं उत्पन्न गरिबी रेषेच्या १२५ टक्के तरी लागतं. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेल्याला जोडीदारासाठी १०० टक्के पुरतं. २०२४ च्या सरकारी तक्त्यात ही १२५ टक्क्यांची रक्कम दोन माणसांना २५,५५० डॉलर, तिघांना ३२,२७५. माझा जुना दर तासाला ३८ डॉलर होता, रात्रपाळीचा भत्ता धरून. नवा ३४. पगार कमी होतोय, हे अधिकाऱ्याला वाईट दिसेल का, ही माझी मोठी भीती. बाईंनी ३४ ला २,०८० तासांनी गुणलं, ७०,७२० लिहिलं आणि शेजारी ३२,२७५. आकडा दुपटीच्या वर आहे, तेव्हा तो आठ हजारांनी कमी झाला म्हणून कुणी अडवणार नाही. दरवर्षी तक्ता बदलतो, मुलाखतीच्या वेळी कोणता चालू आहे तो बघायचा, एवढं मात्र त्यांनी बजावलं.

मग खरी अडचण कुठे येते? हा प्रश्न मी लिहून नेला होता, आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात मोलाचं वाटलं. बाईंच्या मते धोका नोकरी बदलण्यात नसतो, दोन नोकऱ्यांच्या मधल्या खड्ड्यात असतो. मुलाखतीच्या दिवशी स्पॉन्सर बेकार असेल, किंवा हातात नुसतं ऑफर लेटर असेल, तर अधिकारी कागद अपुरे म्हणून केस थांबवू शकतो. निदान एक-दोन पगाराच्या पावत्या असू द्या. पगारी नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू करणार असाल तर आणखी जपून, कारण तिथे टॅक्स रिटर्नमधला खर्च वजा जाऊन उरलेला आकडा धरतात, आणि पहिल्या वर्षी तो कमीच असतो. उत्पन्न खरंच कमी पडलं तर बचत किंवा मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या नवराबायकोसाठी तुटीच्या तिप्पट. दहा हजारांची तूट असेल तर तीस हजार. किंवा संयुक्त स्पॉन्सर. माझा भाऊ डॅलसला आहे. त्याचं कुटुंब अधिक माझा नवरा एवढ्या माणसांना त्याचा एकट्याचा पगार पुरतो का, ते बाईंनी तिथेच मोजायला लावलं. त्याची गरज पडली नाही, पण दुसरी वाट आहे म्हटल्यावर मी त्या रात्री गाढ झोपले.

'सुधारणा' या प्रकाराबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, की कागदपत्रं पूर्ण झाल्याचा मेल आल्यानंतर काहीही नव्याने सुरू करायचं नाही. फक्त नवीन आय-८६४ भरायचा, त्यात नवी नोकरी आणि तीन ही संख्या, सही करायची, आणि तो नवऱ्याने मुलाखतीला सोबत न्यायचा. ३५० डॉलर वाचले, आणि मुख्य म्हणजे ऑफर पदरात पडली. दहाव्या दिवशी मी होकार कळवला.

जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस १ नोव्हेंबर २०२४, नव्या नोकरीचा पहिला १८ नोव्हेंबर. मधले दोन आठवडे मी रोज सकाळी मेल उघडताना मुलाखतीची तारीख आत्ताच येऊ नये म्हणत होते. दोन वर्षं ज्या तारखेची वाट पाहिली तीच नको वाटत होती. ती जानेवारीत आली, २० फेब्रुवारीची.

एक अडचण बाईंनी सांगितलेली नव्हती. नव्या हॉस्पिटलचं एचआर नोकरीचा पुरावा म्हणून संगणकातून एक पान काढून देतं. त्यावर पद आणि रुजू झाल्याची तारीख असते, पगार नसतो, सही नसते. मला हवं होतं तसं पत्र मिळायला तीन चकरा झाल्या. पेरोलमधल्या एका वयस्कर बाईंनी शेवटी लेटरहेडवर लिहून दिलं: पूर्णवेळ, कायम, तासाला ३४ डॉलर, आठवड्याला ४० तास, आणि खाली शाईची सही. तुमच्या नव्या ठिकाणी हे पत्र कोण देतं, ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

नवऱ्याच्या फायलीत नवा आय-८६४, हे पत्र, पगाराच्या सहा पावत्या, २०२३ चा टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा सरकारी उतारा) आणि २०२४ चे दोन्ही नोकऱ्यांचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे दाखले) होते. ट्रान्सक्रिप्ट आयआरएस या कर खात्याच्या साइटवरून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मी फाइल कुरिअरने पाठवली, आणि आदल्या रात्री फोनवर नवऱ्याकडून सगळं वदवून घेतलं. तो म्हणाला, "अगं, तुझा पगार मला तुझ्यापेक्षा पाठ झालाय."

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात खिडकीवर त्याला विचारलं, पत्नी काय करते. त्याने सांगितलं, आणि नोव्हेंबरपासून नव्या हॉस्पिटलमध्ये आहे हेही आपणहून सांगितलं. अधिकाऱ्याने नवीन फॉर्म आणि पत्र मागून घेतलं, ट्रान्सक्रिप्टवर नजर टाकली, आणि मग आमची भेट कशी झाली ते विचारायला लागला. नोकरीचा विषय तिथेच संपला. व्हिसा मंजूर झाल्याचं त्याच खिडकीवर सांगितलं. लग्नाला दोन वर्षं उलटून गेली होती, त्यामुळे दोन वर्षांचं सशर्त कार्ड न मिळता दहा वर्षांचं मिळालं.

वकीलबाईंच्या सेवेचे बाकीचे दोष. घड्याळ कडक आहे. ५८ व्या मिनिटाला त्या आवरतं घ्यायला लागतात. नंतरच्या प्रत्येक ईमेलचे पंधरा मिनिटांचे पैसे लागतात, अगदी एका ओळीच्या प्रश्नालासुद्धा. लेखी टिपण आपणहून देत नाहीत, मी मागितल्यावर अर्ध्या पानाचं आलं. बोलणं भरभर असतं, म्हणून प्रश्न लिहून न्या आणि जुन्या फॉर्मची पूर्ण प्रत छापून न्या. माझ्याकडे ती नसती तर कुटुंबसंख्येची चूक सापडलीच नसती.

वकीलबाईंना पाचपैकी साडेचार. पॅकेजला दोन, आणि तेही आय-१३० साठी. राजीनामा देण्याआधी जा, नंतर नको. घटस्फोट, जुना गुन्हा, आधी नाकारलेला व्हिसा असलं काही असेल तर एका तासाने भागणार नाही, पूर्ण केस वकिलाकडे द्या.

आई फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रीन कार्डाची पाच वर्षं पूर्ण करून नागरिकत्वाच्या अर्जाच्या मागे लागली आहे. तिच्यासाठी मी त्याच ऑफिसात अर्धा तास घेतलाय, पुढच्या मंगळवारी दुपारी साडेचारला, माझी दिवसपाळी संपल्यावर. गाडी नवरा चालवणार आहे.