लाल वीट: भाव हजारी, हिशेब भिंतीचा

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घर बांधायला काढले की हाताने थापलेल्या लाल विटांचा ट्रक अजूनही दारात येतो. राखेची वीट आली, एएसी ब्लॉक (हवेच्या छिद्रांचा हलका सिमेंटी ठोकळा) आला, तरी हा माल टिकून आहे. लाल विटेचे परीक्षण करताना एक अडचण येते. एकाच भट्टीतून, एकाच दिवशी काढलेल्या विटाही एकसारख्या नसतात. आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्या उघड्यावर रचलेल्या असतात. कच्च्या विटांचे थर, मध्ये कोळसा आणि भुसा, बाहेरून मातीचा लेप. जळणाला चिकटलेल्या विटा जास्त भाजून वाकड्या, काळपट होतात, त्यांना खंगर म्हणतात. बाहेरच्या कडेच्या विटा पिवळसर आणि कच्च्या राहतात. खरी पक्की वीट मधल्या भागातली. ट्रकमध्ये या तिन्हींचे प्रमाण काय पडले, त्यावर मालाची किंमत ठरायला हवी. व्यवहार मात्र हजाराच्या भावाने होतो.

हा हजारी भाव फसवा आहे. भारतीय मानक आयएस १०७७ मध्ये विटेची दोन मुख्य मापे दिली आहेत: १९०×९०×९० मिमी आणि २३०×११०×७० मिमी. बाजारात मात्र ‘नऊ-चार-तीन’ म्हणून मागायची पद्धत आहे, म्हणजे इंचांत ९×४×३. पट्टी लावली की साडेआठ, पावणेचार, पावणेतीन भरते. गाळाची माती वाळताना आणि भाजताना आकसते. साचा त्या हिशेबाने मोठा ठेवायचा असतो, तो ठेवला नाही की वीट बारीक पडते. दर विटेमागे माती आणि कोळसा वाचतो म्हणून कोणी तो मुद्दामही बारीक ठेवतो.

उदाहरणादाखल पुरेपूर मापाची वीट हजारी ८,००० रुपये आणि बारीक वीट ७,००० रुपये धरू. सांधा १० मिमीचा. चार इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांना पुऱ्या मापाच्या सुमारे ४५४ विटा लागतात आणि बारीक मापाच्या ५१४. खर्च ३,६३२ विरुद्ध ३,५९८. हजारामागे हजार रुपये वाचवले, भिंतीत आले चौतीस. त्यात सांधे वाढले, मसाला (सिमेंट-वाळूचा गारा) वाढला, गवंड्याचे हात साठ वेळा जास्त हलले. जाड भिंतीत तर पारडे उलटते: एका ब्रासला, म्हणजे १०० घनफुटांना, पहिली १,२३५ लागते, दुसरी १,४९१. वरच्याच भावाने ९,८८० आणि १०,४३७. स्वस्त वीट साडेपाचशेने महाग पडली. म्हणून भाव विचारताना माप विचारावे, आणि तोंडी न विचारता वीस विटा डोक्याला डोके लावून एका रांगेत मांडाव्यात. १९० मिमीच्या वीस विटांची लांबी ३,७२० ते ३,८८० मिमीच्या आत भरावी, असे मानक सांगते. एक-एक वीट मोजत बसण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण थोडी लांब-थोडी आखूड एकमेकींत जिरते आणि सरासरी समोर येते.

मजबुतीची काळजी लोक उगाच जास्त करतात. मानकातला सर्वांत खालचा वर्ग ३.५, म्हणजे दर चौरस मिमीला ३.५ न्यूटन. नऊ बाय चार इंचांच्या तळावर हिशेब केला तर त्या वर्गाची खरी वीट आठ टनांहून जास्त भार पेलते. कॉलम-बीमच्या घरात भिंत फक्त स्वतःला सांभाळते. तिथे मजबुतीआधी वीट दगा देते ती पाणी पिण्याने आणि क्षाराने. वरचे मजले भिंतींवरच उभे करायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे प्रयोगशाळेचा दाखला घेतल्याशिवाय माल उतरवूच नये.

पाण्याची चाचणी घरीही होते. वीट पूर्ण वाळवून वजन करायची, २४ तास पाण्यात बुडवायची, वर काढून पुसून पुन्हा वजन. तीन किलोची वीट ३.६ किलो झाली म्हणजे २० टक्के पाणी प्यायली, आणि १२.५ वर्गापर्यंतच्या विटेला ही कमाल मर्यादा आहे. त्यावरच्या वर्गांना १५ टक्के. प्रयोगशाळेत वीट १०५ ते ११५ अंशांच्या भट्टीत वाळवतात. उन्हात वाळवलेल्या विटेत थोडा ओलावा उरतो, त्यामुळे घरचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. घरी १९ आला तर खूश होऊ नका.

लोणा ही दुसरी तक्रार. प्लास्टर होते, रंग होतो, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर जमिनीलगत पांढरी पूड फुटते. ठेकेदार सिमेंटला दोष देतो, रंगवाला ओलीला. बरेचदा क्षार विटेच्या मातीतच असतात. पसरट भांड्यात २५ मिमी पाणी घेऊन त्यात वीट उभी ठेवावी, पाणी आटू द्यावे, पुन्हा तितकेच घालून आटवावे. पाणी शक्यतो डिस्टिल्ड घ्यावे, बोअरच्या पाण्यातले क्षार विटेच्या नावावर जातात. विटेच्या दिसणाऱ्या भागाच्या १० टक्क्यांपर्यंत पांढरे आले तर किरकोळ, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम. त्याहून जास्त, किंवा पापुद्रे सुटू लागले, तर तो माल परत.

दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात. ते चाळून काढले नाहीत तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. नंतर पाणी लागले की तो फुगतो आणि विटेचा टवका उडवतो. प्लास्टरवर रुपयाएवढे गोल टवके निघाले, मधोमध पांढरा ठिपका दिसला, की हाच प्रकार. वीट फोडून आत पांढरे खडे दिसतात का, ते आधीच पाहावे. भिंत उभी राहिल्यावर याला इलाज नाही.

ट्रक उभा असताना करायच्या परीक्षा जुन्याच आहेत, पण त्यांचा अर्थ माहीत हवा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत वाजाव्यात. बद्द आवाज म्हणजे कच्ची भाजणी किंवा आत तडा. नखाने ओरखडा उठू नये. मीटरभर उंचीवरून टाकली तर तुकडे होऊ नयेत. आणि परीक्षा वरच्या थरातल्या विटेची न करता मधल्या-खालच्या थरातली काढून करावी. वर नेहमी चांगलाच माल रचलेला असतो, हे सांगायला नको.

बांधताना या विटेची अर्धी कीर्ती गवंड्याच्या हातात असते. विटेच्या पाठीवरचा नाव कोरलेला खळगा, ज्याला फ्रॉग म्हणतात, तो वर ठेवून वीट बसवायची, म्हणजे मसाला त्यात भरतो. पालथी घातली तर आत पोकळी राहते. विटेची लांब बाजू दर्शनी आली तर ती स्ट्रेचर, आखूड बाजू आली तर हेडर. चार इंची भिंत सगळी स्ट्रेचरची. नऊ इंचीत एक थर स्ट्रेचरचा, एक हेडरचा ही इंग्लिश बाँडची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. तिच्यात कोपऱ्यावर हेडरच्या शेजारी उभी चिरलेली अर्धी वीट, क्वीन क्लोजर, घालावी लागते. ती टाळली की उभे सांधे एकावर एक येतात. सांधेमोड गेली की नऊ इंची भिंत म्हणजे शेजारी उभ्या केलेल्या दोन चार इंची भिंती. विटांचे अद्धे आणि रोडे भिंतीच्या पोटात लपवायची सवय तर सर्रास आहे. जिथे बंध पुरा करायला लागतो तेवढाच अद्धा चालतो, एरवी नाही.

वीट पाण्याच्या टाकीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावी. पाइपने ढिगावर पाणी मारणे म्हणजे भिजवणे नव्हे, तेवढ्याने वरचा थर तेवढा ओला होतो. कोरडी वीट मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सिमेंट अर्धवट जमते. मग प्लास्टरआधीच सांध्यातून बोटाने वाळू निघते. नऊ इंचीला १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), चार इंचीला १:४ मसाला. कालवलेला मसाला दोन तासांत संपवायचा, पुन्हा पाणी घालून नरम करायचा नाही. चार इंची भिंतीत दर मीटरभर उंचीला सळ्या घातलेला काँक्रीटचा आडवा पट्टा हवा. एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच जाऊ नये, आणि पुढे किमान सात दिवस पाणी मारावे.

आता प्रतिस्पर्धी. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे अशा औष्णिक केंद्रांच्या आसपास राखेची वीट सहज मिळते. यंत्रावर दाबलेली असल्याने माप नेमके, कडा सरळ, त्यामुळे प्लास्टर पातळ बसते. मापात ती लाल विटेला सरळ हरवते. दोष एकच, पण मोठा: तिला भट्टी नाही, ती पाण्यावर पिकते. दोन-तीन आठवडे पाणी न मारता ताजी विकली तर भिंतीत आकसते आणि सांध्यातून जिना उतरावा तशी चीर जाते. हातावर राख येत असेल तर ती अजून कच्ची आहे. ही वीट लाल विटेसारखी टाकीत भिजवायची नाही, शिंतोडा पुरे.

एएसी ब्लॉक हलका. ६००×२००×१५० मिमीचा ब्लॉक कोरडा दहा-बारा किलोचा, आणि एक घनमीटर भिंतीला असे साधारण ५५ लागतात, जिथे १९० मिमीच्या विटा ५०० लागतात. उंच इमारतीला तो योग्यच. पण त्याचा चिकट मसाला तीन मिमीचा हवा आणि कॉलमशी जोडाच्या जागी जाळी हवी. हे दोन्ही माहीत नसलेल्या गवंड्याच्या हातात दिला तर प्रत्येक कॉलमलगत उभी चीर ठरलेली. जड कपाट टांगायला साधा खिळा धरत नाही, हे स्वयंपाकघराचे माप घेतानाच लक्षात ठेवावे. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा जवळ मिळत असताना घाटावरून वीट उतरवण्यात फारसा अर्थ नाही.

एकमजली-दुमजली घर, ओळखीचा गवंडी आणि जवळची भट्टी असेल तर लाल वीट घ्यावी. खरेदी मात्र जानेवारी ते एप्रिलमध्ये करावी. विटा थापण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसापूर्वी संपतो. मेअखेरच्या घाईत भट्टी गरम असतानाच उकलतात, आणि अवकाळीने झोडपलेल्या कच्च्या विटांवर पावसाच्या थेंबांचे खड्डे तसेच भाजलेले दिसतात. मोजून लागणाऱ्या संख्येवर पाच टक्के तुटीचे धरावेत. उतरवताना ट्रकची फळी पाडून विटा खाली ओतू देऊ नयेत, हाताने लावून घ्याव्यात. हमाली जास्त पडते, पण ओतलेल्या ट्रकमध्ये पाच टक्क्यांची तूट पुरत नाही.