गजलक्ष्मी की उभी लक्ष्मी?

मनीषनगरच्या नव्या घरासाठी पुतणीने नागपूरच्या इतवारी बाजारात लक्ष्मीच्या दोन तसबिरी पाहून ठेवल्यात. कोणती घ्यावी, हे काही ठरत नाहीये.

अर्थाने गजलक्ष्मी मला कितीतरी भरलेली वाटते. कमळावर बसलेली देवी आणि दोन्हीकडून सोंडेतल्या कलशांनी अभिषेक करणारे हत्ती. हत्ती म्हणजे पावसाचे ढग, ही जुनी समजूत. म्हणजे इथे धन म्हणजे आधी पाणी, मग पीक, पैसा त्यानंतर. विदर्भात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही! सांची-भारहुतच्या प्राचीन शिल्पांतही हे रूप आहे.

उभी लक्ष्मी राजा रविवर्म्यांच्या चित्रामुळे घराघरांत पोचली. तळहातातून पडणारी नाणी कॅलेंडरवाल्यांना फार प्रिय. मला मात्र तिचा अभय देणारा हात मोठा वाटतो. ‘उभी लक्ष्मी टिकत नाही’ म्हणतात, ते मला पटत नाही. ती द्यायला उभी आहे.

टिकाऊपणात फरक नाही. नागपूरच्या उन्हात दोन्ही छापील चित्रं फिकी पडतील, थेट ऊन टाळा.

दाराच्या चौकटीवर किंवा देव्हाऱ्यात गजलक्ष्मीच घ्यावी. दुकानात गल्ल्यामागे किंवा अरुंद भिंतीवर उभी शोभते. पुतणीला दारावरच लावायची आहे, तेव्हा तिने हत्तीवाली आणावी.