१४५३ च्या मागे जाताना : सदाशिव पेठेतील एका अभ्यासवर्गाविषयी

युरोपातील प्रबोधनाच्या कारणांवर सदाशिव पेठेतील एका छोट्या सभागृहात चार शनिवार चाललेला अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क १,२०० रुपये होते. शाळेत ‘कारणे द्या’ या प्रश्नाखाली आपण एक उत्तर घोकलेले असते, ते असे की १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक पंडित हस्तलिखिते घेऊन इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झाले. हे उत्तर पहिल्याच संध्याकाळी मोडीत निघाले आणि शुल्क माझ्यापुरते तेथेच वसूल झाले.

व्याख्यात्यांनी फळ्यावर केवळ सनावळी मांडली. इटालियन कवी पेत्रार्कला व्हेरोनात प्राचीन रोमन वक्ता सिसेरोची पत्रे सापडली ती १३४५ मध्ये आणि वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीचा कॅथेड्रलवरील घुमट फ्लोरेन्समध्ये उभा राहिला तो १४३६ मध्ये. कॉन्स्टँटिनोपलचा पंडित मान्युएल क्रिसोलोरास फ्लोरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला तो १३९७ मध्ये, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या ५६ वर्षे आधी, आणि तोही निर्वासित म्हणून नव्हे, तर नगराने पगार देऊन बोलावलेला शिक्षक म्हणून. पंडित आले म्हणून ग्रीकची ओढ लागली असे झाले नाही. ओढ आधीची होती. इटलीत आलेल्या ग्रीक पंडितांचे महत्त्व मात्र व्याख्यात्यांनी नाकारले नाही. त्यांच्यापैकीच एक असलेल्या कार्डिनल बेसारिऑनने आपला ग्रंथसंग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

दुसरा शनिवार पैशाचा होता आणि तोच सर्वांत रंगला. फ्लोरेन्सने १२५२ मध्ये फ्लोरिन हे सोन्याचे नाणे पाडले, लोकर आणि सावकारीतून संपत्ती साठली, एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. येथे ती संपत्ती कलेकडे का वळली, हे विचारले गेले. बॅप्टिस्टरीच्या (बाप्तिस्म्यासाठीच्या इमारतीच्या) कांस्य दरवाजांसाठी १४०१ मध्ये झालेल्या स्पर्धेमागे कापड व्यापाऱ्यांची श्रेणी (व्यावसायिकांचा संघ) होती, कॅथेड्रलचे काम लोकरवाल्यांच्या श्रेणीकडे होते आणि अनाथालयाचे रेशीमवाल्यांच्या. प्रत्येकीला दुसरीपेक्षा सरस दिसायचे होते. गणेशोत्सवात मंडळांच्या देखाव्यांतील चुरस पाहिलेल्या पुणेकराला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. त्यात व्याज घेणे चर्चच्या दृष्टीने पाप असल्याने सावकारांच्या मनाला टोचणी असे. फ्लोरेन्सचा बडा सावकार कोसिमो द मेदिचीने सान मार्को मठाच्या पुनर्बांधणीला दिलेला पैसा भक्तीचा किती आणि प्रायश्चित्ताचा किती, यावर वर्गात बराच वाद झाला.

तिसऱ्या शनिवारी हस्तलिखितांचा शोध आणि पाठचिकित्सा (प्रती ताडून ग्रंथाचा मूळ व अस्सल पाठ ठरवणे) हे विषय होते. हस्तलिखितांचा शोधक पोज्जो याला १४१७ मध्ये प्राचीन रोमन कवी लुक्रेशियसचे काव्य गवसले, तर विद्वान लोरेन्झो व्हाल्लाने १४४० मध्ये लॅटिन भाषेच्या आणि इतिहासाच्या पुराव्यावर पोपच्या सत्तेचा आधार मानली जाणारी सम्राट कॉन्स्टंटाइनची सनद बनावट ठरवली. विवेचन नेमके होते, पण एक संधी हुकली असे वाटते. तेथून थोड्याच अंतरावर, विधी महाविद्यालय रस्त्यावरील भांडारकर संस्थेत, असंख्य पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली (१९१९ ते १९६६), हे उदाहरण पुण्यात कोणाला सुचू नये, याचे नवल वाटले.

शेवटच्या शनिवारी मात्र घाई झाली. इटालियन गणिती फिबोनाच्चीने १२०२ मध्ये युरोपला समजावून दिलेले हिंदू-अरबी अंक, स्पेनमधील तोलेदो येथे अरबीतून लॅटिनमध्ये झालेली भाषांतरे आणि अरबी प्रकाशशास्त्राचा यथार्थदर्शनाशी (चित्रात खोली दाखवण्याच्या तंत्राशी) असलेला संबंध, हे सारे पंधरा मिनिटांत उरकले. छपाई हे प्रबोधनाचे कारण नव्हे, कारण गुटेनबर्गचे बायबल १४५५ च्या सुमाराचे, पण छपाईमुळे ते विझले नाही, हा मुद्दा चांगला होता आणि त्याला अधिक वेळ हवा होता. १३४८ च्या प्लेगचा तर उल्लेखही प्रश्नोत्तरांत कोणी विचारले तेव्हाच आला.

व्यवस्थेबाबत दोन तक्रारी आहेत. दिलेल्या टिपणांत एकाच व्यक्तीचे नाव तीन प्रकारे लिहिलेले होते. आणि ‘प्रबोधन’ हा शब्द पंधराव्या शतकातील इटली, अठराव्या शतकातील फ्रान्स आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र या तिन्हींसाठी सरसकट वापरल्याने चर्चेत दोनदा गोंधळ उडाला. चहा चांगला होता.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे चार-पाच विद्यार्थी दुसऱ्या शनिवारनंतर आले नाहीत. त्यांना उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगे मुद्दे हवे होते आणि येथे तयार मुद्दे मिळत नाहीत, हे नावनोंदणीपूर्वी लक्षात घ्यावे.