हँडलवरची पाच बटणं, दोन वायरी आणि ठाण्याचा पावसाळा : १० महिने वापरल्यानंतर

बाईकवर बसवलेल्या स्टिरिओचा आवाज कसा आहे एवढंच वाचायला आला असाल तर ते आधी आटपतो. सिग्नलला झकास, चाळीसच्या स्पीडला बरा, साठच्या पुढे हेल्मेटमध्ये वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. बॉक्सवर छापलेल्या १८० वॅटवर जाऊ नका. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४ ओहमच्या स्पीकरला असला अँप्लिफायर एका बाजूला साधारण २० वॅट देतो, बाकीचे वॅट छापखान्यात तयार होतात. माझं सगळं लिहिणं तो स्टिरिओ चालवणाऱ्या हँडलवरच्या बटणांबद्दल आहे, कारण माझे १० महिने त्यांच्यातच गेले.

गाडी अ‍ॅव्हेंजर २२० क्रूझ, पुढे काच असलेली. रोजचा रस्ता वर्तकनगर ते महापे : कोर्ट नाका, कळवा पूल, विटावा, ऐरोली, रबाळे, घणसोली. जाऊन-येऊन पस्तीसएक किलोमीटर. डिसेंबरच्या शेवटी स्टिरिओ बसवला. मीटरसारखा गोल, बोटींसाठी बनवतात तसला, एएम-एफएम, ब्लूटूथ आणि यूएसबीवाला. स्पीकरच्या जोडीसकट ४,६०० रुपये. त्याच्या स्वतःच्या बटणांपर्यंत हात न्यायचा म्हणजे क्लचचा हात सोडायचा, आणि ग्लोव्हजमध्ये ती मुगाच्या दाण्याएवढी बटणं सापडतही नाहीत. म्हणून ४५० रुपयांचा पाच बटणांचा स्विच घेतला, २२ मिलिमीटरच्या हँडलवर डाव्या ग्रिपला लागून बसणारा.

नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दादा, कशाला वेगळा स्विच घेता? पास लाइटच्या बटणाला टॅप मारतो, पाच मिनिटांचं काम." त्याला नको म्हणालो ते बरं झालं. पास लाइटच्या बटणावर १२ व्होल्ट असतात, आणि स्टिरिओची बटणांसाठीची वायर त्यासाठी बनलेलीच नसते. गाडीच्या मूळ स्विचमधून व्होल्टेज जातं, स्टिरिओच्या वायरीतून फक्त रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला जातो. तिथे १२ व्होल्ट शिरले तर बहुतेक युनिटच जातं.

ही मोजणी कशी चालते ते थोडक्यात सांगतो, पुढची सगळी रामायणं तिथूनच सुरू झाली. स्टिरिओच्या मागून दोन वायरी येतात, एकीवर 'की' लिहिलेलं, दुसरी ग्राउंड, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची. प्रत्येक बटणाच्या पोटात वेगळ्या किमतीचा, म्हणजे वेगळ्या ओहमचा, रेझिस्टर. बटण दाबलं की तो रेझिस्टर 'की' आणि ग्राउंड यांच्यामध्ये येतो, आतला चिप तिथलं व्होल्टेज वाचतो आणि कोणतं बटण दाबलं ते ओळखतो. त्यामुळे पाच बटणांना पाच-सहा वायरी लागत नाहीत, दोनच पुरतात. माझं युनिट शिकणारं आहे : मेनूत जायचं, बटण दाबून धरायचं, 'आवाज वाढवा' निवडायचं, सेव्ह. आपण कोणत्या किमतीचे रेझिस्टर लावले याच्याशी त्याला देणंघेणं नाही, एकमेकांपासून वेगळे असले की झालं.

आणि तिथेच माती खाल्ली. पायोनिअरच्या कार स्टिरिओंसाठी एक तक्ता सगळीकडे फिरत असतो : म्यूट ३.५ के (के म्हणजे किलो-ओहम), पुढचं गाणं ८, मागचं ११.२५, आवाज वाढवा १६, कमी २४. त्या युनिटना ठरलेल्याच किमती लागतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तो तक्ता बरोबरच आहे. माझ्या शिकणाऱ्या युनिटला त्याची काही गरज नव्हती, पण सगळे तेच लावतात म्हणून मीही लावला. लॅमिंग्टन रोडला जाऊन १ टक्कावाले मेटल फिल्म रेझिस्टर आणले. बाजारात मिळतात त्या जवळच्या किमती : ३.३, ८.२, ११, १६, २४. खर्च किरकोळ, लोकलच्या तिकिटाचेच जास्त झाले असतील.

जानेवारीत दोन आठवडे सगळं सुरळीत. मग एक गंमत सुरू झाली. सरळ रस्त्यावर बटणं ठीक, पण विटाव्याला वळताना 'पुढचं' दाबलं की मागचं गाणं लागायचं. आधी वाटलं माझाच अंगठा चुकतोय. मग एका रविवारी पार्किंगमध्ये मल्टिमीटर घेऊन बसलो, एक टोक हँडलला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. हँडल सरळ असताना २-३ ओहम. डावीकडे वळवलं की आकडे थेट किलो-ओहममध्ये नाचायला लागले. मी स्विचचं ग्राउंड हँडलवरच्याच एका स्क्रूला दिलं होतं. तिथून फ्रेमपर्यंतचा रस्ता क्लॅम्पवरच्या रंगातून आणि ग्रीस भरलेल्या बेअरिंगमधून जातो. तिथे दीड-दोन किलो-ओहम वाढले की ८.२ चे दहा होतात, आणि स्टिरिओला ते ११ च्या जवळचे वाटतात. पुढचंचं मागचं झालं ते असं.

उपाय सोपा होता. हँडलचा स्क्रू सोडून दिला आणि स्विचचं ग्राउंड वेगळ्या वायरने थेट स्टिरिओच्या काळ्या वायरीपर्यंत नेलं. दोन्ही वायरी पातळ, अनेक तारांच्या, सिलिकॉन आवरणाच्या घेतल्या. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून ताण येणार नाही एवढी ढील ठेवली. जिथे वायर वाकते तिथे सोल्डरचा जोड ठेवायचा नाही, सोल्डर आत झिरपून तार कडक होते आणि बरोबर त्याच ठिकाणी तुटते. माझी मार्चमध्ये एकदा तुटली, म्हणून माहीत.

मे महिन्यातलं प्रकरण बटणांचं नाही, पण सांगायला हवं. स्टिरिओची पिवळी वायर कायम बॅटरीवर असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल इग्निशनवर. कारमध्ये हे ठीक. गावाला अठरा दिवस राहून आलो तर सेल्फ 'टक' म्हणून गप्प. अ‍ॅव्हेंजरला किक नाही. सोसायटीच्या उतारावर वॉचमनकाकांनी आणि एका शाळकरी पोराने धक्का मारला तेव्हा सुरू झाली. नंतर मोजलं, गाडी बंद असताना युनिट १० मिलिअँपिअर पीत होतं. म्हणजे दिवसाला पाव अँपिअर-तास, अठरा दिवसांत चारच्या वर. बाईकच्या बॅटरीचा केवढा हिस्सा झाला तो! आता पिवळी आणि लाल दोन्ही एका रिलेमागे (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमागे) आहेत, रिले इग्निशनवर, बॅटरीच्या टोकाशी १० अँपिअरचा फ्यूज. रोज सकाळी घड्याळ बारा वाजवतं, वाजवू दे. शिकवलेली बटणं मात्र विसरत नाही.

जूनमध्ये पाऊस आला आणि खरी परीक्षा सुरू झाली. स्विचच्या पाकिटावर 'वॉटरप्रूफ' लिहिलं होतं. त्यावर विश्वास न ठेवता मी मागच्या बाजूने हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन भरून टाकलं, वर स्वतःची पाठही थोपटली. पहिल्या आठवड्यात सगळं ठीक. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं म्हणून कळव्यात तासभर अडकलो. कळव्याच्या हॉस्पिटलसमोर आल्यावर आवाज कमी करावा म्हणून बटण दाबलं, तर वाढला. परत दाबलं, आणखी वाढला. घाबरून दाबून धरलं. ब्लूटूथवर त्या वेळी ढोलताशाचं काहीतरी चालू होतं. हॉस्पिटलच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, आणि मी तिथे मधोमध. शेजारच्या रिक्षातून आवाज आला, "काय भाऊ, वरात निघाली का?" शेवटी किल्लीच फिरवली. भर पावसात गाडी ढकलत कडेला घेतली तेव्हा त्याच रिक्षावाल्याने हात लावला.

घरी येऊन कागद घेतला. स्विचमध्ये ओल शिरली की बटणाच्या दोन टोकांमध्ये विजेला एक चोरटी वाट तयार होते. ती वाट १०० के ची धरा. २४ के च्या बटणाला समांतर १०० के आले की हिशेब १९.४ के येतो. माझ्याकडे १६ म्हणजे वाढवा, २४ म्हणजे कमी, मधली सीमा २०. म्हणजे 'कमी' दाबलं की स्टिरिओला 'वाढवा' ऐकू जाणार. तीच ओल ३.३ के च्या म्यूटला लागली तर ३.२ होतात, त्याला फरकही कळत नाही. आणि मी घाबरलो नसतो तर म्यूट दाबलं असतं, ते चाललं असतं!

जानेवारीचा आणि जुलैचा बिघाड शेजारी मांडले तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. खराब ग्राउंड, गंजलेला जोड, झिजलेला काँटॅक्ट हे सगळे रेझिस्टरच्या मागे रांगेत उभे राहतात, ते लहान किमतींना खातात. ओल बाजूने वाट काढते, ती मोठ्या किमतींना खाते. कारमध्ये स्टिअरिंगवर पाऊस पडत नाही, तिथे २४ के सुखाने नांदतो. बाईकच्या हँडलवर मधल्याच किमती टिकतात. नवे रेझिस्टर लावले : ३३० ओहम, ८२० ओहम, १.८ के, ३.९ के, ८.२ के. प्रत्येक पुढचा आधीच्याच्या दुपटीहून थोडा जास्त. आता १०० के ची ओल आली तरी ८.२ चे ७.६ होतात, आणि ३.९ शी त्याची गल्लत होत नाही. स्वतंत्र ग्राउंड वायर असल्यामुळे ३३० लाही धोका नाही.

एक गोष्ट मुद्दाम केली. सगळ्यात लहान किंमत म्यूटला दिली. कधी वायर घासून शॉर्ट झाली तर स्टिरिओला शून्य ओहम दिसतील, आणि शून्याच्या सगळ्यात जवळ म्यूट आहे. बिघाड झालाच तर गप्प बसण्याचा होऊ दे, वरातीचा नको.

स्विच उघडला तेव्हा आत तांबं हिरवं पडलेलं. दोष पावसाचा नव्हता, माझ्या सिलिकॉनचा होता. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं आणि तांबं खातं. वास न येणारं, न्यूट्रल लिहिलेलं घ्यायचं. ते सगळं खरवडून काढलं, काँटॅक्ट साफ केले, डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारं) ग्रीस भरलं आणि खालच्या बाजूला दीड मिलिमीटरचं भोक पाडलं. पाणी आत येणारच, त्याला बाहेर जायला दार हवं. वॉशिंग सेंटरवाल्याला हँडलवर प्रेशरचा पाइप मारू नको म्हणून दर वेळी सांगावं लागतं, आणि दर वेळी तो मारतोच.

ऑगस्ट आणि सप्टेंबर, दोन्ही महिने पावसात रोज गाडी चालवली. चुकीचं बटण एकदाही लागलं नाही. घोडबंदरच्या खड्ड्यांतून गायमुखपर्यंत दोनदा जाऊन आलो, पेन ड्राइव्ह निसटला पण बटणं हलली नाहीत. स्विचच्या क्लॅम्पचा स्क्रू मात्र सिंगल सिलेंडरच्या थरथरीने दर दोन महिन्यांनी ढिला होतो, थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावूनही.

रेडिओबद्दल विचाराल तर एफएमवर १०७.१ आणि १००.७ छान लागतात. एएमवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लावून पाहिली, इंजिन चालू झालं की स्पार्कची टकटक निवेदकाच्या वर. एएमचा नाद सोडला. फोन चार्जिंगला लावून ऑक्स केबलने गाणी ऐकली तर अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी येते, दोन ग्राउंडचं भांडण आहे ते. ब्लूटूथवर येत नाही, म्हणून केबल कपाटात गेली. कॉल उचलायचं बटण मी ठेवलंच नाही. बायको म्हणाली, "अहो, मग मी फोन केला तर?" म्हटलं, महाप्याला पोचल्यावर करतो.

खर्च : स्टिरिओ आणि स्पीकर ४,६००, स्विच ४५०, रिले-फ्यूज-वायरी ६००, इलेक्ट्रिशियनची मजुरी ८००. एकूण ६,४५०. मजुरी पहिल्या फिटिंगची, त्यानंतरचं सगळं मीच उलगडलं आणि मीच जोडलं.

पुन्हा घ्यायचं झालं तर शिकणारं युनिटच घेईन, ठरलेल्या किमतीवालं नाही. स्पीकर हँडलऐवजी काचेच्या मागे खाली लावेन, म्हणजे सत्तरलाही थोडं ऐकू येईल. स्विच दुसऱ्या बनावटीचा घेईन. याच्या बटणांचं रबर उन्हाने चिकट झालंय, 'मागचं गाणं'च्या कोपऱ्याला परवा चीर दिसली. सध्या तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय.